पहिली पसंती

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू देऊही नका. सांगलीत मी लग्नं जमवायचे तेव्हा एका मुलाची उंची मी इतकी वाढवून सांगितली होती, की बोहल्यावर त्याच्या पायाखाली दोन पाट सारावे लागले. तेही कोणी खरं मानत नाही. पण परदेशातल्या ह्या नावन गावच्या एका स्वयंपाकघरात, मसालेभाताच्या पातेल्याभोवती बसून आम्ही पाच जणांनी दोन मेडिकल कॉलेजांशी सोयरीक करायला घेतली, आणि त्यातलं एक स्थळ ताटं उचलायच्या आत मोडलं, यावर इथल्या गायीसुद्धा विश्वास ठेवणार नाहीत. आणि त्या फार भोळ्या आहेत.

शनिवार होता. धाकटा भाचा अद्वय आणि त्याची बायको उल्का लिमरिकहून गाडीनं आले होते. निमित्त अद्वयच्या वाढदिवसाचं, पण केक फ्रीजमध्ये तसाच पडून होता आणि त्याची कोणाला आठवणही नव्हती. सगळ्यांचा जीव थोरल्या भाच्याच्या, रविंद्रच्या फोनमध्ये अडकला होता. फोन टेबलावर उताणा. तो थरथरला की रविंद्रचा घास थांबे, त्याच्या बायकोचा, उर्मिलाचा डाव थांबे आणि त्यांची मुलगी सानिका, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती मान खाली घालून भातातले काजू एका बाजूला करी. लहानपणी ती काजू आधी खायची.

"कोणाचा आहे?" उर्मिला विचारी.

"कचऱ्याच्या बिनची कंपनी," रविंद्र म्हणे. "मंगळवारी हिरवा डबा बाहेर ठेवा."

आणि सगळे परत जेवू लागत, म्हणजे जेवल्यासारखं करू लागत.

सानिकानं शाळा मागच्या वर्षी संपवली. मेडिकलला नंबर लागला नाही, म्हणून एक वर्ष थांबून इथल्याच एका नर्सिंग होममध्ये काम करू लागली आणि पुन्हा अर्ज केला. आमच्या लोकांचा इथला मुक्काम पुरेसा जुना नसल्यामुळे तिला बाहेरदेशच्या मुलांच्या रांगेतून अर्ज करावा लागला, थेट कॉलेजांकडे. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. एक कॉलेज समुद्राकाठचं, एक नदीकाठचं. खरी नावं मला उच्चारता येतात, पण घरात आम्ही समुद्रवाले आणि नदीवाले असंच म्हणायचो, जशी आपल्याकडे स्थळांना मिरजवाले आणि कराडवाले अशी नावं पडतात. दोघांनीही सांगितलं, मुलगी चांगली आहे, पण सध्या थांबा. वेटिंग लिस्ट.

ह्या 'सध्या थांबा'नं माझ्या हयातीत किती मुलींच्या आयांची झोप उडवलेली मी पाहिली आहे. पण त्या आया निदान एकाच मुलासाठी जागत. इथे दोन स्थळं आणि दोन्ही मुकी.

अशा वेळी इथे एक पत्र पाठवतात. लेटर ऑफ इंटरेस्ट. अर्थ एवढाच, की आम्ही अजून आहोत, आम्हाला अजून तुम्ही हवे आहात, यादी चाळताना आमच्या नावावर बोट थांबू द्या. सानिकाच्या शाळेतल्या बाईंनी तिला बजावलं होतं: असं पत्र दोघांना लिही, खुशाल लिही. पण 'तुम्हीच माझी पहिली पसंती, जागा दिलीत तर मी नक्की येईन' हे वाक्य फक्त एकाच पत्रात. ते वाक्य म्हणजे शब्द दिल्यासारखं.

हे तिनं दोन आठवड्यांपूर्वी ह्याच टेबलावर सांगितलं तेव्हा रविंद्र हसला होता. "कोण तपासायला बसलंय? दोघांनाही लिही पहिली पसंती. जो आधी हो म्हणेल तो पहिला."

"बाबा, असं नाही करत."

"आत्याला विचार. आत्या, तू काय करायचीस?"

आता मला विचारल्यावर मी काय सांगणार? खरं तेच सांगितलं. "मी प्रत्येक घरी जाऊन सांगायचे, की तुमचंच स्थळ आमच्या मनात पहिलं. नऊ घरी नऊ वेळा सांगितलंय एका मुलीसाठी. प्रत्येक घरी पोहे वेगळे, वाक्य तेच."

"बघ!" रविंद्र म्हणाला.

"आत्या, तुम्ही तिला काही शिकवू नका हं," उर्मिला म्हणाली. पण तिच्या आवाजात जोर नव्हता. ती रात्रभर दोन्ही पत्रांचा विचार करत असे. नवरा म्हणतो ते चूक आहे हे तिला कळत होतं, आणि त्या चुकीनं मुलीला जागा मिळाली तर बरं होईल असंही वाटत होतं. हे मला कसं कळलं विचारू नका. सून कणीक कशी मळते ह्यावरून मला सगळं कळतं.

मग पत्र लिहायला सगळेच बसले. रविंद्रनं आपल्या ऑफिसातली भाषा घातली. ती वाचल्यावर मुलगी डॉक्टर होणार आहे की सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन, ते समजेना. अद्वयनं लिमरिकहून फोनवर सांगितलं, की जरा गमतीचं लिहा, इथल्या माणसांना गंमत आवडते. मी सांगितलं, आजोळी दोन डॉक्टर आहेत ते लिहा, मुलगी शांत आहे ते लिहा, चष्मा नाही ते लिहा. सानिका सगळं ऐकत राहिली आणि शेवटी लॅपटॉप उचलून वर निघून गेली. तिनं दोन पत्रं एकटीनंच लिहिली. समुद्रवाल्यांना लिहिलं: मला अजून इच्छा आहे. नदीवाल्यांना लिहिलं: तुम्ही माझी पहिली पसंती आहात.

नदीवाले का? ते तिनं मला एकटीला सांगितलं होतं. आम्ही दोघी पोळ्या लाटत होतो.

"समुद्रवाल्यांकडे दर थोड्या मिनिटांनी घंटा वाजायची, आजी. घंटा वाजली की पुढच्या खोलीत. कोणी नीट बघितलंच नाही माझ्याकडे. आणि नदीवाल्यांकडे एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, नर्सिंग होममध्ये काय शिकलीस? मी म्हणाले, केस विंचरायला. एका आजींचे केस विंचरताना मला त्यांच्या मानेतली गाठ लागली होती, ती मी नर्सला दाखवली. तर ते पेन खाली ठेवून ऐकत बसले. युअर मॅन पेन खाली ठेवून ऐकत होता!"

"युअर मॅन कोण?" मी विचारलं. मला वाटलं, हिचं काहीतरी जमलं.

"अगं, म्हणजे तो माणूस. इथे म्हणतात तसं."

तर असं. पण वर गेलेल्या पोरीनं लॅपटॉप उघडाच ठेवला आणि कामावर गेली. रविंद्रनं जाऊन समुद्रवाल्यांना तिच्या नावानं आणखी एक पत्र धाडलं. त्यात ते वाक्य घातलं. तुम्हीच पहिले. वाईट मनानं नाही धाडलं. हा मुलगा मी लहानाचा मोठा केलाय. त्याच्या आईनंतर दोघांना मीच वाढवलं. परीक्षेला जाताना तो दोन पेनं घ्यायचा, मग तिसरं मोज्यात खोचायचा. त्याला एका गोष्टीवर कधी भरवसाच ठेवता आला नाही.

आणि गुरुवारी समुद्रवाल्यांचा फोन आला.

मी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते, पावसाचे चार थेंब पडले म्हणून. सानिका माझ्यासमोर उभी होती, कानाला फोन लावून. आधी तिचा चेहरा उजळला, तो मी पाहिला. एक जागा निघाली होती. कॉलेजच्या बाई म्हणत होत्या, तुमच्या दुसऱ्या पत्रात तुम्ही आम्हाला पहिली पसंती म्हणता, तर तसं तोंडी सांगा, म्हणजे आम्ही नाव पुढे नेतो.

सानिका म्हणाली, "दुसरं पत्र?"

मी हातातल्या टॉवेलाची घडी केली. मग ती पुन्हा मोडली. हो म्हणाली असती तर ती डॉक्टर झाली असती. इतकं सोपं होतं. नदीवाल्यांचं तर काहीच नक्की नव्हतं. त्यांनी पत्राला साधं उत्तरही दिलं नव्हतं.

"ते पत्र मी लिहिलेलं नाही," ती त्यांना इंग्रजीत म्हणाली. बापाचं नाव घेतलं नाही. "तुम्ही माझी पहिली पसंती नाही. सॉरी. मला इच्छा आहे, पण पहिली पसंती दुसरीकडे आहे."

फोन ठेवल्यावर तिचे दात वाजायला लागले. जून महिना, थंडी नाही. मी तिच्या अंगावर दोरीवरची ओलसर चादरच घातली.

"आजी, बाबाला सांगू नको. मी सांगेन. मला थोडे दिवस दे."

"मी? मी कशाला सांगेन," मी म्हणाले. "माझ्या पोटात पाणी राहत नाही, पण गुपित राहतं."

शनिवारपर्यंत तिचं सांगून झालं नव्हतं. आणि शनिवारी, मी दुसऱ्यांदा भात घेत असताना, फोन थरथरला.

तिचं ईमेल बापाच्याही फोनवर येत असे. अर्जाच्या सुरुवातीला त्यानंच सगळं जोडून दिलं होतं. रविंद्रनं वाचलं. चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"वाच की मोठ्यानं," अद्वय म्हणाला.

त्यानं वाचलं. गुरुवारी फोनवर झालेल्या बोलण्याबद्दल आभार. आमचं कॉलेज आपली पहिली पसंती नसल्याचं आपण कळवलं, त्यामुळे ही जागा दुसऱ्या उमेदवाराला देत आहोत. आपलं नाव यादीत आहे तसंच राहील. आपल्याला शुभेच्छा.

उल्काच्या हातातला चमचा ताटात पडला. उर्मिला उठून गॅस बंद करायला गेली. गॅस केव्हाचाच बंद होता.

"कोणी?" रविंद्र म्हणाला. "कोणी केला हा फोन?"

"अरे, त्यांची चूक असेल," अद्वय म्हणाला. "ऑफिसं आहेत, गोंधळ होतात."

"नाव आहे, तारीख आहे. चूक कसली? जागा निघाली होती, अद्वय! जागा होती!" तो ओरडत नव्हता, तेच भीतीचं. "सानिका?"

सानिकानं तोंड उघडलं. तिच्या ओठांवर रंग नव्हता. गुरुवारपासून तिनं नीट काही खाल्लं नव्हतं हे घरात फक्त मला माहीत होतं. ती आता सांगणार, बाप आता काहीतरी असं बोलणार जे तिला आयुष्यभर पुरेल, आणि नदीवाल्यांनी पुढे नाही म्हटलं तर हेच बोलणं रोज रात्री तिच्या उशाशी येऊन बसणार. एवढं सगळं मला एका घासात दिसलं.

मी घास गिळला आणि म्हणाले, "मी घेतला फोन."

"काय?"

"ती आंघोळीला गेली होती. फोन ओट्यावर वाजत होता. मी उचलला."

"आत्या, तू?" रविंद्र म्हणाला.

"मग? मी मिशनच्या शाळेत शिकलेय. बाई म्हणाल्या, सानिका आहे का? मी म्हटलं, स्पीकिंग. आमच्याकडे स्थळाचा निरोप आला तर मुलगी घरात नाही असं कधी म्हणत नाहीत."

अद्वयनं हसू दाबलं. उल्कानं त्याला कोपर मारलं.

"त्या म्हणाल्या, तुमचा आवाज बसलाय का? मी म्हटलं, नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांच्यात राहून राहून असा झालाय."

"आणि त्यांना ते पटलं?" उर्मिलानं विचारलं.

"पटलं म्हणजे? त्यांनी मला मधाचं पाणी प्यायला सांगितलं! मग गप्पा निघाल्या. त्यांच्या आईचेही गुडघे धरतात. मी तिळाचं तेल लावायला सांगितलं. फार सज्जन बाई. मग हळूच म्हणतात, आम्ही तुमची पहिली पसंती ना? आता तूच सांग, रवी. मुलीकडच्यांनी पहिल्या निरोपालाच हो म्हणायचं असतं का? भाव उतरतो. मी आपलं रीतीप्रमाणे म्हटलं, आम्ही घरात विचार करून कळवतो, आणखीही स्थळं आहेत."

"आणखी स्थळं आहेत," रविंद्र हळूच म्हणाला.

"हो. म्हणजे त्यांनी जरा आग्रह करावा. त्यांनी केलाच नाही. त्यांच्यात पद्धत नसेल."

आता तुम्हीच बघा, किती बांधेसूद खोटं होतं. त्यात माझा स्वभाव होता, माझा धंदा होता, माझे गुडघेसुद्धा होते. मी असं करीन हे ह्या घरात कोणालाही पटलं असतं, आणि पटलं. उर्मिला खुर्चीत बसली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला, नाही, ओढणी; पण तिच्या चेहऱ्यावर सुटका होती, कारण तिला आतून वाटत होतं, की हे आपल्या मुलीनंच केलं, आणि आता ते तसं नव्हतं. अद्वय, जो जन्मभर माझ्या बाजूनं भांडला, तो म्हणाला, "आत्या, ह्या वेळी हद्द झाली हं." उल्का, जी माझ्याशी दोन वर्षं नीट बोलत नव्हती, ती माझ्या ताटात पाणी सांडेल अशा घाईनं माझा पेला भरू लागली. घरातली माणसं अशी फिरतात. मला वाईट वाटलं नाही. अंगावर घ्यायचंच म्हणून घेतलं होतं.

रविंद्र उठला, प्रेसचं दार उघडलं, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि नुसताच आत बघत उभा राहिला. चहाचे डबे, हळद, ओट्सचा पुडा. मग वळला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"थांबा," तो म्हणाला. "थांबा, थांबा. मग हे सुधारता येईल."

"काय सुधारता येईल?" मी विचारलं.

"उमेदवार बोललीच नाही! घरातल्या वयस्कर नातेवाईक फोनवर बोलल्या, भाषेचा गोंधळ झाला. हे कोणीही समजून घेईल. आजच ईमेल टाकायचं. ती जागा अजून पक्की झाली नसेल समोरच्याची. उर्मिला, लॅपटॉप दे."

"रवी, असं खरंच होईल?" उर्मिलाचे डोळे चमकले.

"का नाही होणार? खरं तेच सांगतोय आपण!"

माझ्या हातातला पापड तुटला. लग्नं जमवताना मी एक गोष्ट कायम पाळली होती, की आपलं खोटं आपल्याच घरात राहावं, दुसऱ्यानं ते उचलून पुढे नेऊ नये. आता ते माझ्याच ताटातून उचलून कॉलेजच्या दारात निघालं होतं.

"अरे, कशाला म्हातारीची अब्रू वेशीवर टांगतोस," मी म्हणाले. "राहू दे. त्या सज्जन बाईला काय वाटेल?"

"आत्या, तू आता एक शब्द बोलू नकोस."

तो टाईप करू लागला. अद्वय त्याच्या खांद्यावरून वाकून शब्द सुचवत होता. पाच मिनिटांपूर्वी हे दोघे भाऊ एका बाजूला नव्हते. उल्का म्हणाली, 'वयस्कर' ऐवजी 'प्रिय आजी' लिहा, चांगलं वाटतं. उर्मिला म्हणाली, माफी आधी लिहा. बाहेर ऊन लख्ख होतं, शेजारची मुलं भिंतीवर चेंडू मारत होती, आणि आत चार शहाणी माणसं एका पत्रावर अशी वाकली होती जसे दोन आठवड्यांपूर्वी आम्ही वाकलो होतो. त्या वेळीही पोरगी टेबलाच्या ह्याच टोकाला होती आणि तिला कोणी विचारत नव्हतं.

मी सानिकाकडे पाहिलं. तिला डोळ्यांनी सांगितलं, जाऊ दे, मी बघते, काहीतरी करते, माझ्याकडे अजून गोष्टी आहेत. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण माझं ऐकत नव्हती. ती बापाच्या बोटांकडे बघत होती.

"आय अ‍ॅम स्टिल होल-हार्टेडली," रविंद्र मोठ्यानं वाचू लागला, "आणि पुढे, यू आर, अँड ऑलवेज हॅव बीन, माय फर्स्ट चॉइस. झालं. सानिका, इकडे ये. ह्या वेळी तूच पाठव, म्हणजे तुझ्याकडून गेल्यासारखं होईल. ये, बाळा. हे बटण दाब फक्त."

ती उठली. खुर्ची फरशीवर खरखरली. टेबलाला वळसा घालून ती बापाच्या शेजारी आली, आणि त्यानं लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. त्याचा हात तिच्या पाठीवर होता. मला वाटलं, दाबेल. एकोणीस वर्षांची पोर, समोर सगळं घर, कोण नाही दाबणार?

"दाब ना," उर्मिला कुजबुजली. "जागा जाईल दुसऱ्या कोणालातरी."

"गेली, आई," सानिका म्हणाली.

"अगं, नाही गेली! बाबा सांगतोय ना, आत्यांच्या बोलण्यामुळे गोंधळ झाला."

"अगं, झालाच," मी घाईनं म्हणाले. "मी तर त्यांना असंही म्हटलं होतं की—"

"आत्याआजी, बस." तिनं लॅपटॉप मिटला, हळूच, बापाची बोटं सापडू नयेत अशा बेतानं. मग ती माझ्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू खोटं बोलतेयस. फोन मी घेतला होता. आणि नाही मीच म्हणाले."